शेजारच्या सीटचा ब्रेक

माझे सासरे गाडी शिकवतात. एकतीस वर्षं झाली. शिकवणीच्या गाडीला दोन्हीकडे पेडल असतात. शिकणाऱ्याच्या पायाशी तीन आणि शेजारी बसणाऱ्याच्या पायाशी दोन, एक क्लच आणि एक ब्रेक. बाबांच्या बाजूच्या ब्रेकवरचं रबर गॅरेजवाला दर वर्षी बदलायचा, इतकं ते झिजायचं. शिकणाऱ्याच्या बाजूचं मात्र गाडी घेतली तेव्हाचंच होतं. गॅरेजवाला ही गंमत म्हणून सांगायचा आणि बाबाही हसायचे. गंमत नव्हती ती, पण हे कळायला आम्हाला बराच वेळ लागला.

बाबांकडे शिकलेला माणूस लायसन्सच्या परीक्षेत नापास होत नसे. गावभर त्यांना 'ओरडणारे सर' म्हणत आणि तरीही आपली मुलं, सुना, बायका त्यांच्याकडेच पाठवत. ओरडतात, पण पास करतात, असा त्यांचा लौकिक होता. ओरडण्याची एक ठरलेली पद्धत होती. "अहो, अहो, अहो." पहिला अहो साधा, दुसरा वरच्या पट्टीत, आणि तिसऱ्याबरोबर त्यांचा पाय ब्रेकवर. गाडी गचकन थांबायची, शिकणाऱ्याचं कपाळ पुढे जाऊन मागे यायचं आणि मग बाबा शांतपणे म्हणायचे, "हं. आता परत पहिल्यापासून."

ते स्वतः कसे शिकले हे त्यांनी मला लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं. पंधराव्या वर्षी ते आपल्या काकांबरोबर ट्रकवर गेले. काका शेजारी बसायचे आणि हातात पाना असायचा. गिअर चुकला की पाना बोटांच्या सांध्यांवर. "पाना खाल्ला म्हणून हात बसला," असं बाबा अभिमानाने सांगत. मी नवी नवरी होते, मान डोलावली.

घरात ते कुणावर ओरडत नसत. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या, त्यामुळे घरात आम्ही चौघं: बाबा, माझा नवरा, मी आणि आमची पाच वर्षांची मुलगी, तिला सगळे चिमणी म्हणतात. नवरा गोदामात दुसऱ्या पाळीला, म्हणजे संध्याकाळी घरी नाहीच. बाबा साडेसहाला यायचे, दारातल्या कपाटावरच्या स्टीलच्या वाटीत गाडीच्या किल्ल्या टाकायचे, हात धुवायचे आणि बातम्या लावायचे. फोनवर गॅरेजवाल्याला दिवसभराचं ओरडणं आवाजासकट करून दाखवायचे, एवढं सोडलं तर कुणाला काही बोलायचे नाहीत. कुणीच काही बोलायचं नाही.

चिमणी शाळेत जायला लागली तसा मी बालशिक्षणाच्या पदविकेला प्रवेश घेतला. शनिवारी वर्ग, बाकी अभ्यास घरी. पहिलाच पेपर मानसशास्त्राचा: माणूस शिकतो कसा आणि त्याचा स्वभाव घडतो कसा. पुस्तक जाडजूड आणि शब्द त्याहून जाड. पाठ केलेलं म्हणून दाखवायला कुणी नव्हतं म्हणून मी ओट्याशी उभी राहून कुकरला उत्तरं सांगत असे. एका संध्याकाळी बाबांनी बातम्या बंद केल्या.

"आण ती वही इकडे," ते म्हणाले. "मी विचारतो. एकतीस वर्षं प्रश्नच विचारतोय."

मला नाही म्हणायचं होतं, पण म्हणता येईना. मी वही दिली. त्यांनी चष्मा लावला.

"अभिसंधान म्हणजे काय?" हा शब्द त्यांनी खड्ड्यातून गाडी काढावी तसा सावकाश उच्चारला.

मी सांगितलं. कुत्र्याला खाणं देण्याआधी रोज घंटा वाजवली, तर काही दिवसांनी नुसती घंटा ऐकूनच त्याच्या तोंडाला पाणी सुटतं. घंटेचा आणि भुकेचा मुळात काही संबंध नसतो. तो जोडला जातो.

"एवढंच?"

"एवढंच."

"मग त्याला इतका अवघड शब्द कशाला?"

"साधा शब्द लिहिला तर मार्क कापतात."

ते चक्क हसले. मग पान उलटलं. "रोजच्या जीवनातलं एक उदाहरण द्या."

उदाहरण मी दोनच दिवसांपूर्वी त्या वहीत लिहून ठेवलं होतं आणि ते आता बाबांच्या नाकासमोर होतं. बाबा काहीही वाचताना मोठ्याने वाचतात. त्यांनी वाचायला सुरुवात केली. "घरात आजोबांच्या किल्ल्या वाटीत पडल्याचा आवाज होताच पाच वर्षांची मुलगी खेळणी आवरते व बोलणे बंद करते. वास्तविक किल्ल्यांच्या आवाजात भीतिदायक असे..."

पुढचं त्यांनी मनात वाचलं. वही मिटली, तिच्यावर पेन ठेवलं, पेन घरंगळू नये म्हणून जरा आडवं केलं, आणि म्हणाले, "जरा फिरून येतो."

मी नवऱ्याला काही सांगितलं नाही. काय सांगणार? तुमच्या वडिलांची मी कुत्र्याच्या घंटेशी तुलना केली? दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी भाजी चिरत होते. मागे वळले तर बाबा स्वयंपाकघराच्या दारात उभे. वाटीत काही वाजलंच नव्हतं, त्यामुळे मी दचकले.

"ते उदाहरण," ते म्हणाले. "बरोबर आहे का? म्हणजे परीक्षेत चालेल?"

"चालेल," मी म्हणाले.

"मग खोडू नकोस."

त्या दिवसापासून किल्ल्या खिशात राहायला लागल्या. पण चिमणी काही लगेच बदलली नाही. ती आता दाराची कडी वाजली की गप्प व्हायची. बाबांनी मला विचारलं, "आता कडीला घाबरते. उद्या माझ्या चपलांना घाबरेल. तुझं पुस्तक काय म्हणतं?" मी म्हणाले, भीती अशीच शेजारच्या वस्तूवर सरकते. आणि घंटा वाजूनही काहीच झालं नाही, पुन्हा पुन्हा झालं नाही, की ती जोडणी हळूहळू सुटते.

"किती वेळा?"

"आकडा दिलेला नाही, बाबा."

मग त्यांनी आपलं एक सुरू केलं. आले की आधी तिच्याजवळ जमिनीवर बसायचं, ठोकळ्यांबद्दल एक प्रश्न विचारायचा, आणि उठायचं. गुडघे दुखायचे त्यांचे, उठताना भिंतीला हात लावायचे. महिनाभर चाललं. एके दिवशी ते आत येत होते तर चिमणी मान वर न करता ओरडली, "आजोबा, पुलावर पाय देऊ नका." ठोकळ्यांचा पूल नेमका दारात होता. तिने तो बाजूला घेईपर्यंत बाबा एका पायावर उभे राहिले. ही हकिगत त्यांनी गॅरेजवाल्याला सांगितली, चष्मेवाल्याला सांगितली, नवऱ्याला फोन करून सांगितली. नातीने आपल्याला दटावलं याचा एवढा आनंद झालेला आजोबा मी दुसरा पाहिला नाही.

याच सुमारास सिस्टर आल्या.

सिस्टर म्हणजे मोठ्या रुग्णालयातल्या नर्स, वय चव्वेचाळीस. नवजात बाळांच्या विभागात काम. बोटाएवढ्या मनगटात सुई लावणाऱ्या बाई. सहा वर्षांपूर्वी बाबांकडे शिकल्या होत्या, पहिल्या फेरीत पास झाल्या होत्या. आता त्यांच्या आईला आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावं लागत होतं आणि त्यासाठी त्यांच्या भावाने आपली जुनी गाडी देऊ केली होती. त्या बाबांच्या ऑफिसात येऊन म्हणाल्या, "सर, मला पुन्हा शिकवा."

"पुन्हा कशाला? माझ्याकडे शिकलेला कधी नापास झालेला नाही."

"मी नापास कुठे झाले? फक्त गाडी चालवायला शिकले नाही."

हे बाबांनी मला त्याच दिवशी जेवताना सांगितलं. ऑफिसवरच्या पाटीच्या मजकुरात चूक निघावी तसं त्यांना वाटलं होतं. सिस्टर पुढे म्हणाल्या होत्या की लायसन्स मिळाल्यापासून त्यांनी एकदाही एकटीने गाडी चालवलेली नाही. दोनदा भावाच्या गाडीत बसल्या, चावी फिरवली, आणि शेजारच्या सीटकडे बघून उतरल्या. "तिथे तुमचा पाय नव्हता," त्या म्हणाल्या. "आवाज मात्र तुमचा येत होता."

बाबा भाताशी चाळा करत बसले. मग विचारलं, "याला तुझ्या वहीत काय म्हणतात?"

मला दोन-तीन नावं आठवली, पण मी एकही सांगितलं नाही. त्याऐवजी म्हणाले की मला प्रात्यक्षिकासाठी कुणाही शिकणाऱ्याचं दहा तास निरीक्षण करून नोंदी करायच्या आहेत. मी मागच्या सीटवर बसू का?

"बस," ते म्हणाले. "पण खरं लिही."

सिस्टरांची हरकत नव्हती. त्या म्हणाल्या, मागे कुणी असलं तर मरताना सोबत होईल. पहिल्या दिवशी मी मागे बसून वहीत रेघा मारत होते. तीन रकाने: सर ओरडले, सरांनी ब्रेक दाबला, सरांनी चांगलं म्हटलं. चाळीस मिनिटांच्या फेरीनंतर बाबांनी वही मागितली. ओरडणं एकतीस. ब्रेक तेवीस. तिसरा रकाना कोरा.

"हे शक्य नाही," बाबा म्हणाले. "चौकात या किती छान वळल्या. मी म्हणालो ना."

"मनात म्हणाला असाल," मी म्हणाले. सिस्टर आरशात बघून हसल्या.

मागून बघताना मला आणखी एक दिसलं होतं. वळण आलं, समोर सायकल आली की सिस्टर रस्त्याकडे न बघता बाबांच्या गुडघ्याकडे बघायच्या. गुडघा हलला की निश्चिंत. थांबायचं कधी हे त्या कधी शिकल्याच नव्हत्या, कारण ते काम बाबांचा पाय करत होता. आणि एकट्या सिस्टरांचं नव्हे. एकतीस वर्षांत किती जण असतील, देव जाणे, जे पास होऊन घरी बसले. मी हे बाबांना कसं सांगावं याचा विचार करत होते, तेवढ्यात त्यांनीच ब्रेकवरच्या रबराची गोष्ट काढली. त्या दिवशी ते हसले नाहीत.

घरी आलो तर चिमणीचा खेळ रंगात आला होता. शेजारच्या काकू तिला सांभाळायला थांबल्या होत्या. तिने स्टुलावर बाहुली बसवली होती, स्वतः शेजारी बसली होती, आणि बाहुलीला गाडी शिकवत होती. "अहो, अहो, अहो," आणि पाय दाणकन जमिनीवर. बाहुली पडली. चिमणीने तिला उचललं आणि शांतपणे सांगितलं, "आता परत पहिल्यापासून."

बाबा दारातच थांबले. "हे कुणी शिकवलं तिला? मी तर गाडीत नेलेलं नाही."

"तुम्ही फोनवर सांगता ना गॅरेजवाल्याला, आज कुणी काय केलं ते. त्यातून उचललं. मुलं सांगून कमी शिकतात, बघून जास्त."

"काकाही असेच ओरडायचे," बाबा म्हणाले. "त्यांचं 'अरे, अरे, अरे' होतं. मी शिकलेल्या लोकांना शिकवतो, म्हणून मी 'अहो' केलं."

आम्ही दोघं हसलो. त्या हसण्यानंतर बोलणं सोपं झालं. मी त्यांना माझ्या पुस्तकातलं सांगितलं. मोठं काम लहान तुकड्यांत करायचं. तुकडा जमला की लगेच, तिथल्या तिथे, जमलं म्हणून सांगायचं. आणि ओरडून माणूस एकच गोष्ट पक्की शिकतो, की ओरडणाऱ्यापासून दूर राहावं.

"मग मी कसा शिकलो?"

"पान्यामुळे शिकलात की पाना असूनही शिकलात?"



दुसऱ्या फेरीपासून बाबांनी तोंडात पेपरमिंटची गोळी ठेवायला सुरुवात केली. गोळी असली की तोंड उघडायला एक क्षण जास्त लागतो आणि तेवढ्यात सिस्टर स्वतः काहीतरी करून मोकळ्या होतात, असा त्यांचा शोध. पायांसाठी उपाय सापडेना. पाय आपोआप उडायचा. शेवटी त्यांनी चप्पल काढून दोन्ही पाय सीटखाली ओढून धरले, अगदी शाळेतल्या मुलासारखे. रिकाम्या मैदानात आधी नुसतं थांबायचं. वीस वेळा सुरू करायची, वीस वेळा थांबवायची, कुठे ते सिस्टरांनी ठरवायचं. मग गल्ली. मग बाजाराच्या मागचा रस्ता. माझ्या तिसऱ्या रकान्यात रेघा दिसायला लागल्या. सुरुवातीला बाबा "चांगलं" असं म्हणायचे की जणू दात काढून घेतोय कुणी. सिस्टर एकदा म्हणाल्या, "सर, राहू दे, तुम्हाला त्रास होतोय." पण हळूहळू ते नेमकं सांगायला लागले. "आरशात आधी बघितलंत, मग वळलात. ते बरोबर." असं सांगितलं की सिस्टर पुढच्या वळणावर आरशात बघायच्याच. बाबांना याची फार मौज वाटली. एकतीस वर्षं हे कुणी मला सांगितलं नाही, असं ते म्हणायचे, जणू माझीच चूक.

पाचव्या फेरीत बिघडलं. पुलाच्या चढावर सिग्नल लागला. मागे मालट्रक. सिग्नल सुटला, सिस्टरांनी क्लच जरा लवकर सोडला, इंजिन बंद पडलं आणि गाडी मागे सरकली. ट्रकवाल्याने हॉर्नवर हात ठेवला तो उचललाच नाही. आणि बाबांच्या तोंडून गोळीसकट आलं, "अहो, अहो, अहो." पाय ब्रेकवर.

सिस्टरांनी हॅन्डब्रेक ओढला, दार उघडलं आणि त्या उतरून पुलाच्या कठड्याशी जाऊन उभ्या राहिल्या. बाबा खाली उतरले, फिरून चालकाच्या जागी बसले, आम्ही गाडी पूल उतरून कडेला लावली आणि दोघं चालत परत वर गेलो. सिस्टर रडत नव्हत्या. त्या म्हणाल्या, "सर, हे माझं काम नाही. बाळाची नस मला मिळते, अंधारात मिळते. पण मी गाडीची बाई नाही. काही माणसं नसतात."

बाबांना माफी मागायची सवय नाही. त्यांनी कठड्यावर दोन्ही हात ठेवले आणि म्हणाले, "माझे हात बघा."

आम्ही बघितले. सांधे जरा जाड, बाकी काही नाही.

"तिसरा गिअर टाकताना मी बोटं आत घेतो. मूठ करून टाकतो. अजून. पंचेचाळीस वर्षं झाली, काका जाऊन वीस वर्षं झाली, पाना कुठे गेला माहीत नाही. तरी हात आत जातो." ते सिस्टरांकडे बघत नव्हते. "मला वाटायचं ती माझी स्टाईल आहे. मुलं कौतुक करतात. परवा हिची वही वाचली तेव्हा कळलं की मी घाबरतो."

मीही तो हात शेकडो वेळा पाहिला होता आणि मलाही ती ऐटच वाटली होती.

"आज मी ओरडलो ते चुकलं," बाबा म्हणाले. "तुमचं इंजिन बंद पडलं, ते कुणाचंही पडतं. नंतर हॅन्डब्रेक कुणी ओढला?"

"मी," सिस्टर म्हणाल्या.

"मी सांगितलं होतं?"

"नाही."

"हं," बाबा म्हणाले. "म्हणजे थांबवता येतं तुम्हाला."

सिस्टरांनी पदराने चेहरा पुसला. त्या दिवशी सिस्टर पुलावरून काही गेल्या नाहीत, पण पुलाच्या खालून घरापर्यंत त्यांनीच गाडी आणली आणि बाबा मागे माझ्या शेजारी बसले. त्यांना मागे बसलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते. गुडघे पुढच्या सीटला टेकत होते, हात कुठे ठेवावेत कळत नव्हतं. घामाघूम झाले होते, पण गप्प होते. माझ्या वहीत पहिल्या रकान्यात त्या फेरीची एकच रेघ आहे, पुलावरची.

त्या आठवड्यात बाबा माझं पुस्तक स्वतःच वाचायला लागले. स्वभावाच्या प्रकरणापाशी आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. माणसाची मूळ घडण पहिल्या पाच-सहा वर्षांतच होते, असं मानणाऱ्या एका मताबद्दल त्यात लिहिलं होतं.

"म्हणजे माझं दुकान पंचावन्न वर्षांपूर्वीच बंद झालं," ते म्हणाले.

"ते एक मत आहे, बाबा. पुढचं पान उलटा." पुढे दुसरं मत होतं: माणूस टप्प्याटप्प्याने शेवटपर्यंत घडत राहतो, प्रत्येक वयाचा आपला एक पेच असतो, आणि साठीनंतरचाही असतो. त्यापुढे आणखी एक होतं, की आपल्याला जमेल असं ज्याला वाटतं त्याचे प्रयत्न टिकतात, आणि तसं वाटायला लागतं ते छोट्या छोट्या जमलेल्या गोष्टींमुळे. बाबांनी बोट ठेवून ओळन् ओळ वाचली. मग म्हणाले, "या दुसऱ्या माणसाने म्हाताऱ्यांनाही जागा ठेवली आहे. बरं केलं." आणि बऱ्याच दिवसांनी त्यांनी बातम्या लावल्या.

पूल पुढच्या आठवड्यात झाला. आधी रविवारी सकाळी सहाला, रस्त्यावर कुणी नसताना, अकरा वेळा. मग सोमवारी दुपारी, सगळे असताना. सोमवारी इंजिन पुन्हा बंद पडलं. मागचा हॉर्न वाजत राहिला, सिस्टरांनी हॅन्डब्रेक ओढला, चावी फिरवली, क्लच सावकाश सोडला आणि पूल चढल्या. वर पोचल्यावर त्या म्हणाल्या, "वाजवू दे त्याला." बाबा खिडकीबाहेर बघत होते. त्यांचे पाय सीटखाली नव्हते, समोर मोकळे पसरलेले होते. मी तेही वहीत लिहिलं.

माझी तोंडी परीक्षा त्याच महिन्यात झाली. परीक्षक बाईंनी माझ्या नोंदी चाळल्या आणि विचारलं, "यात शिकणारं कोण आहे नक्की? या नर्सबाई की शिकवणारे?" मी म्हणाले, मलाही दहा तास तेच ठरवता आलं नाही. त्यांनी चांगले गुण दिले.

मग मंगळवार आला. सिस्टर पहिल्यांदा एकट्या, भावाच्या गाडीतून, आईला घेऊन डायलिसिसला जाणार होत्या. आदल्या दिवशी त्यांनी सांगितलं होतं, "दहाला पोचते आणि लगेच फोन करते, सर." बाबांनी सकाळच्या फेऱ्या पुढे ढकलल्या. मी त्यांच्या ऑफिसात अर्ज भरायला मदत करत होते. दहा वाजले. सव्वादहाला बाबा म्हणाले, पार्किंग मिळत नसेल. साडेदहाला ते फोन चार्ज आहे का बघून आले. अकराला उठून दारात उभे राहिले.

"मी करू का फोन?" मी विचारलं.

"नको. चालवत असल्या तर?"

साडेअकराला त्यांच्याने राहवेना. आम्ही दोघं रुग्णालयात गेलो. वाटेत पूल लागला. बाबांनी गाडी जवळजवळ थांबवून कठड्याकडे, मग उताराकडे नजर टाकली. काचेचा तुकडा नव्हता, गर्दी नव्हती, नेहमीसारखी वाहतूक चालू होती. रुग्णालयाच्या पार्किंगमध्ये ती जुनी निळी गाडी दोन मोठ्या गाड्यांच्या मध्ये उभी होती. जरा तिरकी, पण रेघांच्या आत. बाबांनी बॉनेटवर हात ठेवला. गार होतं.

तिसऱ्या मजल्यावर डायलिसिसच्या खोलीबाहेर बाक होते. दारातून सिस्टर दिसल्या, आईच्या पलंगाशी स्टुलावर बसून कसलं तरी मासिक वाचून दाखवत होत्या. आम्हाला बघून त्या घाबरून बाहेर आल्या.

"सर, तुम्ही इथे? घरी कुणाला बरं नाही का?"

"सगळे ठीक आहेत," बाबा म्हणाले. "तुमचा फोन नाही आला."

सिस्टरांनी कपाळाला हात लावला. "विसरले हो. आईचं वाटेत पडद्यांचं चाललं होतं, कुठल्या रंगाचे घ्यायचे. पोचलो, लावली, वर आलो, मशीन सुरू केलं. गाडीचं डोक्यातूनच गेलं."

बाबा बाकावर बसले. बसले म्हणजे अंगातली हवा गेल्यासारखे बसले. मी कूलरवरून पाणी आणलं. त्यांनी दोन ग्लास प्यायले. मग ते हसायलाच लागले, आवाज न करता, खांदे हलवत. सिस्टरही हसायला लागल्या. आतून आईंनी हाक मारून विचारलं की कोण आलंय.

"हे माझे सर," सिस्टर म्हणाल्या. "यांनी गाडी शिकवली."

आई बारीक झाल्या होत्या, पण आवाज ठणठणीत होता. त्यांनी बाबांना जवळ बोलावलं. "चांगली चालवते हो," त्या म्हणाल्या. "पडद्यांचं बोलून झालं आणि माझा तर डोळाच लागला. पुलावर होतो तेव्हा. इथे आल्यावर हिने उठवलं."

परत येताना बाबा सावकाश गाडी चालवत होते. पूल चढताना म्हणाले, "झोपल्या होत्या." मी हो म्हणाले. बाजाराच्या मागच्या रस्त्यावर पुन्हा म्हणाले, "शेजारच्या सीटवर बसून झोपल्या होत्या." आणि ऑफिससमोर गाडी लावल्यावर, दोन वाजताच्या फेरीची मुलगी पायरीवर वाट बघत बसली होती तिला हात करता करता, तिसऱ्यांदा, "चढावर झोपल्या, बघ."